पुलावर जाऊन बोला

माझी ताई कुलूपवाली आहे. कुलपं विकते, किल्ल्या करून देते आणि जी माणसं स्वतःच्याच घराबाहेर अडकतात त्यांना परत घरात घालते. हे सगळं ती बाजारातल्या एका गाळ्यातून करते. गाळा इतका अरुंद की दोन गिऱ्हाइकं आली तर एकाला बाहेर थांबावं लागतं, आणि त्यातला एक मी असलो तर दुसऱ्याने यायचंच नाही. ताई मला ढोल्या म्हणते ते उगाच नाही.

मी मोबाइल कंपनीत आहे. लोकांचे फोन नीट लागावेत म्हणून अँटेनांच्या मागे लागणं हे माझं काम. आता असे दोन धंदे एका घरात असले की काय होतं, ते मला विचारा. शनिवारी बाजार भरला की ताईचा फोन मेल्यासारखा पडून असायचा, आणि संध्याकाळी घरी आल्यावर चप्पल काढता काढता ती माझ्या बायकोला विचारायची, "तुझ्या नवऱ्याच्या कंपनीला आज सुट्टी होती का गं?" मी समोरच बसलेला असायचो. बायको पदर तोंडाला लावून आत निघून जायची.

दोष कंपनीचाच होता, उगाच कशाला नाकारू. शनिवारी त्या बाजारात अर्धं शहर लोटतं आणि तिथली आमची जुनी अँटेना बागेतल्या फवाऱ्यासारखी. चारी दिशांना सारखं उडवत बसायची, ज्याला हवंय त्यालाही आणि रिकाम्या भिंतीलाही. माणसं वाढली की कुणाच्याच वाट्याला धड काही येत नसे. फोनवर सगळ्या दांड्या दिसायच्या, पण नंबर लावला की टुंटुं होऊन गप्प. बाकीच्या कंपन्यांचीही तीच गत होती, म्हणून आम्हाला लाज जरा कमी वाटायची.

पण घराबाहेर अडकलेला माणूस काही शांत डोक्याचा नसतो. त्याच्या दारावर ताईच्या नंबराचा कागद चिकटवलेला असला तरी तो एकदा लावतो, फार तर दोनदा लावतो, आणि मग दुसऱ्या कुणाला तरी बोलावतो. माणसं घराबाहेर पडतात ती शनिवारी, किल्ल्या हरवतात त्याही शनिवारी, आणि नेमका तेव्हाच ताईचा फोन मुका. असं वर्षभर चाललं. शेवटी नव्या मॉलमध्ये किल्ल्यांचं एक चकचकीत दुकान निघालं आणि तिथला मॅनेजर ताईकडे आला. म्हणाला, आमच्याकडे या, मशीन आमचं, गणवेश आमचा, दर महिन्याला पगार, हा गाळा बंद करून टाका. ताईने विचार करून सांगते म्हटलं. कधी, तर शनिवारी संध्याकाळी.

"दिवसभरात फोन वाजला तर राहीन," ती मला म्हणाली, "नाही वाजला तर टोपी घालीन." त्या गणवेशात पिवळी टोपी होती.

मी हसलो खरा, पण तेवढ्यापुरतंच. आईबाबा गेल्यावर या गाळ्यानेच आमचं घर चालवलं. माझं शिक्षण काउंटरखाली बसून झालंय, वर कानशीची करकर आणि खाली माझी गणितं. माझी ताई कुणाच्या तरी हाताखाली, पिवळी टोपी घालून, 'नमस्कार, आपली काय सेवा करू' म्हणत उभी आहे, हे मला बघवलं नसतं. तिलाही जमलं नसतं. पहिल्याच दिवशी तिने त्या मॅनेजरला त्याच्याच कपाटात कोंडून ठेवलं असतं.

योगायोग म्हणा किंवा माझ्या कटकटीचं फळ म्हणा, त्याच शनिवारी आमच्या नव्या स्मार्ट अँटेनाची चाचणी ठरली होती. ठरली म्हणजे, ती त्याच बाजारात व्हावी म्हणून मी आमच्या मॅडमचं डोकं खाऊन खाऊन भुगा केला होता. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. बाई हुशार, पण वरून दट्ट्या असला की आकड्यांपलीकडे बघायला तयार नसत. वरून आलेला हुकूम साधा होता. एक अँटेना लावा, एका शनिवारी चालवा, संध्याकाळपर्यंत आकडे सुधारले तर पुढे बघू, नाहीतर उतरवून गोदामात टाका.

ही अँटेना दिसायला एखाद्या पांढऱ्या फळीसारखी. पण आत ओळीने पुष्कळ छोट्या छोट्या अँटेना असतात आणि त्या आपापसात जुळवून घेऊन बारीक झोत तयार करतात. पाण्याच्या नळीच्या तोंडावर बोट धरलं की धार कशी नेमकी लांबच्या कुंडीत जाते, तसं. जिथे कुणी फोनवर बोलतंय तिथे एक झोत, तिकडे दुसरा बोलतोय त्याला वेगळा, आणि एकाचे शिंतोडे दुसऱ्याच्या अंगावर नाहीत. माणूस चालायला लागला तर झोत त्याच्या मागे मागे. त्यामुळे तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त लोक एका वेळी बोलू शकतात. फक्त कामाला लावण्याआधी तिला एक सांगावं लागतं, की बाई, साधारण या बाजूला लक्ष ठेव. ते सांगण्याचं काम आमचं.

त्यासाठी आमच्याकडे हिरवा होता. त्याचं खरं नाव वेगळं, पण नकाशावर सगळं हिरवं, म्हणजे फोन नीट लागतायत असं, दिसलं की याच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं त्यावरून ऑफिसात त्याला सगळे हिरवाच म्हणतात. त्याने मागच्या सगळ्या शनिवारांची माहिती काढून बाजाराचा नकाशा बनवला. कुठून किती फोन होतात ते रंगांत दाखवलं. बाजाराच्या टोकाला रस्ता ओलांडायचा एक लोखंडी पूल आहे, त्यावर गडद निळा ठिपका. बाकी गल्ल्या जवळजवळ कोऱ्या.

"सर, गर्दी सगळी पुलावर आहे," हिरवा म्हणाला. "पुलाकडेच बघायला लावू या."

"लाव," मी म्हणालो. वर त्याची पाठही थोपटली. पुढे काय झालं ते ऐकल्यावर तुम्ही माझी थोपटालच, पण जरा जोरात.

शनिवारी बाजाराच्या मागे आमची गाडी उभी केली. आत स्क्रीन, आम्ही तिघं आणि थर्मासमधला चहा. बाजार भरला तसे आकडे चढायला लागले. फोन तुटायचं प्रमाण घसरलं, बोलणाऱ्यांची संख्या वाढली, पूल हिरवागार झाला. हिरवा तर विरघळायचाच बाकी होता. मॅडमनी वरच्या साहेबांना फोटो काढून पाठवला आणि माझ्याकडे बघून चक्क हसल्या. मी चहा तसाच टाकला आणि ताईकडे पळालो.

ताई एका किल्लीला कानस मारत बसली होती. फोन काउंटरवर पालथा.

"वाजला ना?" मी धापा टाकत विचारलं.

"तुझे कान वाजतायत," ती म्हणाली. "इथे सगळं शांत आहे."

मी तिथेच उभा राहून तिचा नंबर लावला. आमच्या दोघांत एक काउंटर. माझ्या फोनातल्या बाईने गोड आवाजात सांगितलं की आपण ज्यांना फोन करताय त्या सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहेत.

"मी इथंच आहे म्हणावं," ताई म्हणाली. "सकाळपासून उठले पण नाही."

माझं डोकं फिरलं. तिकडे स्क्रीनवर सगळी सुबत्ता, आणि इथे ही अवस्था. हिरव्याला झापायचं म्हणून मी त्याला फोन लावला. लागला नाही. परत लावला. नाही. दुकानासमोरून जाणाऱ्या माणसाला धक्का देत मी फोन उंच धरला, डावीकडे धरला, शेजारच्या दोरखंडवाल्याच्या पायरीवर चढलो.

ताईने मान वर न करता सांगितलं, "ढोल्या, पुलावर जाऊन बोल की."

आता गंमत बघा. हे वाक्य त्या बाजारात दर शनिवारी कुणी ना कुणी कुणाला तरी सांगतच असतं. फोन लागत नाही म्हणून कुणी वैतागला की शेजारचा सांगतो, पुलावर जाऊन बोला. गाळेवाले सांगतात, हमाल सांगतात; पत्र्यांच्या वर, मोकळ्यात, तिथे जरा तरी लागतो. मीसुद्धा वर्षभर तिकडेच जाऊन बोलत आलोय. त्यामुळे मीही मुकाट्याने निघालो आणि पूल चढलो.

वर खांद्याला खांदा लावून माणसं कठड्याशी उभी. एका कानात बोट, दुसऱ्या कानाला फोन. एक बाई घरी विचारत होती की पडद्यासाठी माप किती घ्यायचं ते परत सांगा. एक गृहस्थ कुणाला तरी टेम्पो कुठे लावायचा ते समजावत होते. एक मुलगी तिच्या मित्राशी कडकडून भांडत होती आणि आजूबाजूचे सगळे ऐकू येत नसल्यासारखा चेहरा करून मन लावून ऐकत होते. मी हिरव्याला फोन लावला. पहिल्या झटक्यात लागला, आवाज इतका स्वच्छ की त्याने चहाचा घोट घेतलेला कळला.

"सर, पुलावरून बोलताय ना?" तो आनंदाने म्हणाला. "तुमचा झोत दिसतोय मला. काय सुंदर आलाय."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मी त्या गर्दीकडे बघितलं. यातल्या एकालाही पुलावर काही काम नव्हतं. खाली फोन लागत नाही म्हणून ही सगळी माणसं पायऱ्या चढून वर येत होती. आणि आम्ही शहाणे, मोजत होतो ती फक्त झालेली बोलणी. जे बोलणं झालंच नाही ते नकाशावर उमटणार कसं? जिथे फोन लागतच नव्हता ती जागा आम्हाला कोरी दिसली, आणि कोरी म्हणजे रिकामी असं समजून आम्ही तिच्याकडे पाठ फिरवली. एवढी महागाची अँटेना आणली आणि ज्या एका ठिकाणी आधीच बरं चाललं होतं तिथे नेऊन रोखली.

गाडीत येऊन मी हे सगळं एका दमात सांगितलं. हिरव्याचा चेहरा उतरला. मॅडमचा उतरला नाही, ताठ झाला.

"आकडे बघा," त्या म्हणाल्या. "या जागेचे इतके चांगले आकडे कधी आले नव्हते. मी ते वर कळवलेत. आता त्याला हात लावायचा?"

"मॅडम, तुमचा फोन घ्या आणि जरा माझ्याबरोबर चला."

"कशाला?"

"घरी एक फोन करा. एवढंच."

त्या आल्या. ताईच्या गाळ्यापाशी उभ्या राहून त्यांनी घरी फोन लावला. लागला नाही. त्यांनी परत लावला, मग फोन बंद करून चालू केला, मग चष्मा पुसला. ताईने त्यांना स्टूल दिलं आणि ओळख ना पाळख, पण सवयीने सांगितलं, "मॅडम, पुलावर जाऊन बोला. सगळे तिथंच जातात."

मॅडम स्टुलावर टेकल्या नाहीत. थोडा वेळ गल्लीतल्या गर्दीकडे बघत राहिल्या. इतकी माणसं, आणि एकाच्याही कानाला फोन नाही.

"सगळे तिथेच जातात," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "चला. फिरवू या. पण ऐका, पुलावरचे आकडे पडणार. खालचे वर आले नाहीत तर अँटेना संध्याकाळी उतरेल, आणि मग मी कुणालाच वाचवू शकणार नाही, मलासुद्धा."

माझ्या मनात त्या बाईंबद्दल जो आदर दाटून आला तो मी तिथे बोलून दाखवला नाही. आता सांगतो. त्यांनी गप्प राहून संध्याकाळी शाबासकी घेतली असती तर कुणाला कळलंही नसतं.

हिरव्याने अँटेनाची नजर खाली आणली. पुलावरून गल्ल्यांवर, पत्र्यांच्या छपरांमधल्या फटींतून आत, गाळ्यांच्या ओळींवर. शेवटचं बटण दाबताना त्याने डोळे मिटून घेतले. पूल पिवळा पडला, मग तांबडा व्हायला लागला. आणि खालच्या गल्ल्या? कोऱ्या त्या कोऱ्याच.

"का नाही?" मॅडम म्हणाल्या.

"झोत पोचलाय, मॅडम," हिरवा म्हणाला. आवाज रडवेला. "पण कुणी बोलतच नाहीये."

बोलणार कशाला? वर्षभराची सवय. शनिवारी बाजारात खिशातून फोन काढायचाच नाही, हे लोकांच्या अंगवळणी पडलं होतं. ते आपले पूल चढत होते, आणि आता वर गेल्यावर तिथेही त्यांचे फोन अडखळत होते. म्हणजे होतं तेही आम्ही घालवलं.

मी गाडीतून उतरलो आणि गल्लीत घुसलो. दिसेल त्याला सांगत सुटलो, अहो इथूनच फोन लावा, आता लागतोय. लोक माझ्याकडे असे बघायचे जणू मी त्यांच्या गळ्यात काहीतरी मारायला आलोय. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर माझा हात हातात घेऊन मलाच समजावलं, "अहो, इथे नाही लागत. पुलावर जाऊन बोला." मी हात टेकले.

आणि मग कांदेवाल्याचा फोन वाजला.

तो बिचारा इकडेतिकडे बघायला लागला, कुणाचा वाजतोय म्हणून. शेवटी शेजारणीने सांगितलं, अहो तुमच्याच पोत्याखालून येतोय आवाज. त्याने पोतं बाजूला करून फोन काढला आणि दबकत कानाला लावला. "अगं, इथूनच बोलतोय. नाही, पुलावर नाही. खालूनच." तो बोलतोय तोवर समोर चपलांच्या ढिगाशी दुसरा वाजला. मग एका गिऱ्हाइकाच्या पिशवीत तिसरा. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आतून बाहेर फोन लावायचे लोकांनी सोडून दिले होते, पण बाहेरून आत लावणारे कुठे थांबले होते? बायका, नवरे, पोरं, व्यापारी, सगळे सकाळपासून नंबर दाबत बसलेले, आणि आता त्यांचे फोन एकेक करून पोचत होते. सगळ्या गल्लीत नाना तऱ्हेची गाणी आणि घंटा वाजायला लागल्या. माणसं आधी दचकायची, मग हसायची, मग मोठमोठ्याने बोलायला लागायची. पुलाच्या पायऱ्यांवरून लोक खाली उतरताना दिसले.

मी ताईच्या गाळ्याकडे धावलो. म्हणजे माझ्या देहाला जमेल तसा धावलो.

ताईने कानस खाली ठेवली होती. फोन आता उताणा होता आणि ती त्याच्याकडे टक लावून बघत होती. दोरखंडवाल्याचा वाजत होता, पलीकडच्या चष्मेवाल्याचा वाजत होता. तिचा नाही.

"सगळ्यांचे वाजतायत रे," ती म्हणाली. ताईचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ती वर्षभर थट्टा करत होती ती कशावर पांघरूण घालायला, ते मला तेव्हा कळलं. लोक आपल्याला विसरले, ही भीती होती ती.

आणि तिचा फोन वाजला.

तिचे हात तेलाने माखलेले होते, म्हणून तिने कोपराने बटण दाबून स्पीकर लावला. "हॅलो, मी मॉलमधून बोलतोय," मॅनेजरचा आवाज आला. "सकाळपासून लावतोय तुम्हाला. मग काय ठरलं? या सोमवारपासून येताय ना?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मी कपाळाला हात लावला. एवढा आटापिटा करून पहिला फोन आणला तो कुणाचा, तर याचा. ती काहीतरी बोलणार तेवढ्यात फोनमधून टिक टिक ऐकू यायला लागलं. दुसरा फोन येत होता.

"थांबा हं जरा," ताई म्हणाली आणि तो उचलला.

"कुलूपवाल्या ताई ना?" कुणीतरी बाप्या कळवळून बोलत होता. "मी कचरा टाकायला बाहेर आलो आणि दार मागे ओढलं गेलं. गॅसवर दूध आहे हो. मी टॉवेलवर आहे."

"पत्ता सांगा. आणि शेजाऱ्यांकडून आधी शर्ट मागून घ्या," ताई म्हणाली. पत्ता ऐकताना तिने एका हाताने पिशवीत हत्यारं भरायला सुरुवातही केली होती. मग ती मॅनेजरकडे परतली. "हॅलो, आहात का अजून? मला जमायचं नाही."

"अहो, निदान शांतपणे विचार तरी—"

"विचार कधी करू? गिऱ्हाईक उघडं उभं आहे बाहेर." आणि तिने फोन बंद केला.

पिशवी खांद्याला लावून ती काउंटरबाहेर आली. माझ्यापाशी क्षणभर थांबली, तेलकट हाताने माझा गाल ओढला आणि म्हणाली, "गाळ्यात बस. कशाला हात लावू नकोस." गर्दीत शिरेपर्यंत तिचा फोन पुन्हा वाजलेला मी ऐकला.

मी तिच्या खुर्चीत बसलो आणि मला रडू आलं. लपवायचं काय त्यात. मॅडमचा फोन आला, अँटेना राहते आहे म्हणून, आणि मी नाक ओढत फक्त हो हो म्हणालो. मागून हिरवा ओरडून सांगत होता की गल्ल्या हिरव्या झाल्यात.

तेवढ्यात एक बाई काउंटरशी आल्या. हातात पोराचा हात, पोराच्या हातात सायकलचं कुलूप, आणि किल्ली हरवलेली. "ताई नाहीत?" त्यांनी विचारलं.

"कामावर गेल्यात. फोन करून विचारा, किती वेळ लागेल ते सांगतील."

"लागेल का इथून?"

"लावून बघा," मी म्हणालो.

त्यांनी भिंतीवरचा नंबर बघून दाबला आणि फोन कानाला लावला. एकदाच वाजला. मग रस्त्यावरच्या गोंगाटातून, चालता चालता लागलेल्या दमासकट, माझ्या ताईचा आवाज मला काउंटरच्या अलीकडे ऐकू आला, "बोला, कुलूपवाली बोलतेय."